मावशी कुठे गेली?

"ओहोळ म्हणजे नुसती झालर हो. आत काही नव्हतं," देसले म्हणाला आणि चहाच्या कपासकट हात माझ्याकडे केला. "विचारा की यांना. यांनीच तर उसवली."

भिंगारच्या व्यायामशाळेचा हॉल. भिंतीला विल्सन ओहोळचा फोटो, फोटोला हार, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माणसाला पुरून आठवडा झाला नव्हता आणि शोकसभेआधीच्या चहावर त्याचं माप काढणं सुरू झालं होतं. देसले निवृत्त पत्रकार. जन्मभर पेपरात खेळाचं पान लिहिलं, स्वतः एक ठोसा खाल्ला नाही. त्याचं म्हणणं जुनंच. राज्याचा चॅम्पियन म्हणून ज्याला डोक्यावर घेऊन नाचलात तो विल्सन ओहोळ म्हणजे पिवळा झगा, दोरावरून कोलांटी आणि एक उजवा हात. तो हातसुद्धा समोर मरतुकडं कुणी असलं तरच चालायचा. खरा गडी समोर आला तेव्हा काय झालं? खडकीच्या बबन रणपिसेने त्याला त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांसमोर हरवलं.

बबन रणपिसे म्हणजे मी.

"मी त्याला हरवलं नाही," मी म्हणालो.

"बघा," देसले बाकीच्यांना म्हणाला, "इतकी वर्षं झाली तरी पाय जमिनीवर. याला म्हणतात विनय."

विनय. आमच्या घराण्यात कुणाला विनय ठाऊक नाही. पण हे वाक्य मी जितक्यांदा बोललो तितक्यांदा लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि का हरवलं नाही, ते सांगायची मला बंदी होती. ज्याने घातली तो आता हारामागे हसत होता.

त्या वर्षी राज्य स्पर्धा भिंगारला होती. मी खडकीला कारखान्यात पेट्या उचलायचो. शाळा सातवीतच सुटली होती. बॉक्सिंग मला शिंगोटे मास्तरांनी शिकवलं, कारण मी तसाही रोज कुणाला तरी मारतच होतो, तर निदान नियमाने मार, असं त्यांचं म्हणणं. मी चांगला होतो. फार नाही, पण चिवट होतो. आणि मला विल्सन ओहोळचा राग होता.

राग कशाचा, तर सगळ्याचाच. तो रिंगमध्ये चालत यायचा नाही, वरच्या दोरावरून कोलांटी घेऊन यायचा. अंगात हळदीच्या रंगाचा साटिनचा झगा, बुटांना लाल गोंडे. दोन राउंडच्या मध्ये बाकीचे श्वास घेतात, हा कोपऱ्यातल्या माणसाकडून कंगव्याने भांग पाडून घ्यायचा. डाव्या हाताला तो आई म्हणायचा आणि उजव्याला मावशी. "आई समजावते, मावशी झोपवते," असं लढतीआधी समोरच्याला सांगायचा, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडायचे, मावशी येऊ दे, मावशी येऊ दे. मग मावशी यायची आणि समोरचा खरंच झोपायचा. मी म्हणायचो, झोपणारे झोपायलाच आलेले असतात. पेपरवाल्यांनी याला फुगवलाय. एकदा माझ्यासमोर येऊ दे, मग कळेल महाराष्ट्राला.

पण तो माझ्यासमोर येणार कसा? माझा वजनगट वरचा, त्याचा खालचा. म्हणून मी खाली उतरलो. मास्तर नको म्हणाले. तुझ्या अंगात काढण्यासारखं काही नाही, हाडं तासणार आहेस का, असं विचारलं. मी ऐकलं नाही. एका माणसाला खोटं ठरवायला मी माझं अंग वाळवायला घेतलं.

वजन कसं उतरवतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी जेवण बंद होतं, मग पाणी. दुपारच्या उन्हात प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून त्यावर स्वेटर घालून पळायचं. तेवढ्यानेही काटा हलला नाही तर तोंडात चिंचोका धरायचा आणि लाळ सुटली की डबड्यात थुंकत बसायचं. थुंकी हेसुद्धा वजनच. स्पर्धेत रोज सकाळी वजन द्यावं लागायचं, त्यामुळे हा उद्योग रोजचा. मी एकेक लढत जिंकत गेलो आणि रोज थोडा थोडा सुकत गेलो. फायनलच्या सकाळी चिंचोका तोंडात तसाच राहिला, दगडासारखा. डबडं कोरडं. मास्तर अंघोळीला गेले होते. मी न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून आलो आणि काट्यावर उभा राहिलो. बसलो वजनात.

त्यानंतर पाणी प्यायलो. प्यायलं तसं उलटून पडलं. पुन्हा प्यायलो, पुन्हा तेच. पोटाने पाणी घ्यायचं सोडून दिलं होतं. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. संध्याकाळी डॉक्टर जीभ बघतात म्हणून बर्फाचा खडा चोखून गेलो. त्यांना माझ्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मला फक्त ओहोळ दिसत होता.

शाळेच्या पटांगणावर मांडव घातला होता. भिंगार सगळं लोटलेलं. ओहोळ कोलांटी घेऊन आत आला, झगा गरागरा फिरवून पुढच्या रांगेकडे फेकला. तिथे वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळलेला एक माणूस बसला होता. झगा त्याच्या मांडीवर पडला तसा तो एका हाताने खुर्ची बडवत लहान मुलासारखा हसायला लागला. मला वाटलं, याने भाटही घरूनच आणलाय.

पंचांनी आम्हाला मध्ये बोलावलं. ग्लोव्हज टेकवताना ओहोळने माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. आई समजावते. पण तो ते बोलला नाही. माझ्या तोंडाकडेच बघत राहिला.

"थुंक," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"थुंकून दाखव."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझ्या खडकीत एवढ्यावर दात पडतात. मी म्हणालो, तुझ्या तोंडावरच थुंकतो, आणि खरंच प्रयत्न केला. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. काही आलं नाही. पंच ओरडले, बोलू नका. ओहोळच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मला बरं वाटलं. मी समजलो, घाबरला.

घंटा झाली. मी सरळ त्याच्यावर गेलो. तो मागे सरकला. डावा हात दोनदा माझ्या दंडावर टेकवला आणि बाजूला झाला. मी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. तो दोन्ही हात खाली सोडून पायांनी नाचत होता, खांदे उडवत होता, प्रेक्षकांकडे बघून मान वेळावत होता. लोक हसत होते. मी मारत होतो आणि माझं लागत होतं, हे मला कळत होतं. आमच्या कोपऱ्यातून मास्तर म्हणत होते, शाबास, पॉइंट तुझे आहेत.

दुसऱ्या राउंडला लोकांना मावशी हवी झाली. सगळा मांडव एका सुरात मागायला लागला. माझे हात जड झाले होते, दिव्यांभोवती कडी दिसत होती. एका क्षणी डावा हात खाली पडला तो मला वर उचलता येईना. बाजू उघडी. तेव्हा ती आली. मला दिसली, कारण असली गोष्ट लांबून येताना दिसते. कानशिलापाशी येऊन थांबली. अर्ध्यात नाही, पार शेवटी, कानाला वारा लागला इतक्या जवळ. मग मूठ उघडून त्याने माझ्या मानेवर नुसती चापट मारली.

पंचांनी त्याला ताकीद दिली. उघड्या हाताने मारायचं नाही. ओहोळने कमरेत वाकून पंचांना मुजरा केला. लोक हसले, पण मघासारखे नाही.

"डावा वर ठेव, मूर्खा," मिठी पडली तेव्हा तो माझ्या कानात म्हणाला.

तिसऱ्या राउंडला भिंगारने स्वतःच्या माणसाची हुर्यो उडवली. शेंगांच्या पुड्या आत येऊन पडल्या. कुणीतरी ओरडलं, मावशी माहेरी गेली का रे. ओहोळ नाचत राहिला, आणि आता त्यात कुणाला गंमत वाटत नव्हती. मी ढकलत राहिलो. शेवटची घंटा झाली तेव्हा मी पडू नये म्हणून त्यानेच मला काखेतून धरलं होतं. लोकांना वाटलं, हरणाऱ्याचा मोठेपणा.

निकाल माझ्या बाजूने लागला. ओहोळ आमच्या कोपऱ्यात गेला आणि मास्तरांच्या कानाशी काहीतरी बोलला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मेडल गळ्यात पडायच्या आत त्यांनी मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. मी विचारत होतो, काय म्हणाला तो? मास्तर म्हणाले, गप पड. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर हात उगारला, आणि मग तोच हात कपाळाला लावून बाकावर बसून राहिले.

सकाळी पेपर आला. देसले तेव्हा नवा होता, मिसरूड फुटलेला. त्याने मथळा दिला होता, 'मावशी कुठे गेली?' खाली लिहिलं होतं की, विल्सन ओहोळ हा फुगा होता आणि तो काल फुटला. सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः हेच म्हणत होतो, शब्द जवळजवळ तेच. आता वाचून मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण कानाजवळचा तो वारा जात नव्हता. मारणारा माणूस चुकतो, नेम हुकतो, तेव्हा हात पुढे निघून जातो. हा थांबला होता. थांबवला होता. म्हणजे जिंकलो ते मी नव्हतोच. मला कुणीतरी वाढलं होतं, पानात.

मास्तरांना विचारलं तर म्हणाले, त्यालाच विचार. चर्चच्या मागे घर आहे.

मी भांडायलाच गेलो. फाटकातून आत आलो तर अंगणात पेरूच्या झाडाखाली ती वेताची खुर्ची, आणि खुर्चीत तोच शालवाला. समोर पाटावर विल्सन ओहोळ, फाटक्या बनियनमध्ये, भांग नाही, हातात वाटी-चमचा. त्या माणसाला पेज भरवत होता. एक चमचा द्यायचा, ओघळलेलं टॉवेलने टिपायचं, गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पिवळा झगा दोरीवर वाळत होता.

"आलास," तो म्हणाला. "सलाईन किती चढवलं?"

"काल मारलं का नाहीस?"

"जिंकलास ना? पेपरात आलंय. बस."

"मी भीक मागितली नव्हती."

"भीक कोण देतंय तुला? बस म्हणतो ना. हा माझा मोठा भाऊ, स्टॅनली. स्टॅन, हा खडकीचा रणपिसे. काल आपल्याला हरवलं याने."

स्टॅनलीने डावा हात उचलून मला सलाम केला. उजवा मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "छान," तो म्हणाला. तेवढ्या शब्दाला त्याला फार वेळ लागला.

विल्सनने वाटी खाली ठेवली. मला घराच्या कोपऱ्यापाशी नेलं आणि पाठ भिंतीला लावून बोलला. एरवी त्याचं बोलणं म्हणजे फटाक्यांची माळ, पण तिथे तो एकेक शब्द शोधत होता.

स्टॅनली त्याच्याआधीचा बॉक्सर. कोलांट्या नाहीत, झगा नाही, नुसता खेळ. विल्सनच्या शब्दांत, खरा. त्याची मोठी निवड तोंडावर आली होती आणि वजन बसत नव्हतं म्हणून त्याने पाणी तोडलं होतं. त्या दिवशी याच अंगणात दोघे भाऊ सरावाला उभे राहिले. कुंपणावर गल्लीतली माणसं बघायला बसलेली. धाकट्याला त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं.

"मारायच्या आधी तो थुंकायला गेला आणि आलंच नाही," विल्सन म्हणाला. "आम्ही दोघं हसलो. मी म्हटलं, म्हाताऱ्या, थुंकता पण येईना का तुला. आणि मग मारलं. उजवा. फार जोरात नव्हता रे. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी नारळ घ्यायला सांगितले होते हातात, समजावं म्हणून. एक पाण्याचा, एक सुका. हलवून बघ म्हणाले. सुक्यात आतलं खोबरं सुटं होऊन खुळखुळतं. पाणी नसलं की डोकं तसं होतं. मग टपलीसुद्धा पुष्कळ होते."

माझ्या तोंडात तो चिंचोका पुन्हा आल्यासारखं वाटलं.

"काल तुझे ओठ बघितले," तो म्हणाला. "तुझ्यात आणि त्याच्यात फरक नव्हता."

"मग पंचांना सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? डॉक्टरांना फसवून आलेला माणूस तू. म्हणाला असतास, घाबरला. भिंगारनेही तेच म्हटलं असतं. आणि तू तसाच कुठेतरी दुसऱ्यासमोर उभा राहिला असतास. माझ्यासमोर होतास तोवर निदान माझ्या हातात होतास."

मी विचारलं, एवढं झाल्यावर खेळ सोडला का नाहीस. तो खुर्चीकडे बघून हसला. "त्याला आवडतं. खेळ आता कळत नाही त्याला, कोण जिंकलं तेही कळत नाही. झगा कळतो. कोलांटी कळते. झग्याचा रंग त्यानेच निवडलाय, दुकानात बोट लावून." मग म्हणाला, "आणि मलाही आवडतं. खोटं कशाला बोलू? लोक ओरडले की बरं वाटतं."

म्हणून मी त्याला संत म्हणणार नाही. तो नटवा होता, स्वतःवर खूश होता, आरशासमोरून सरळ गेलेला मी त्याला कधी पाहिला नाही. पण पुढे मी पोरांना शिकवायला लागलो, हजारो ठोसे पाहिले, हौशी, पलटणीतले, परदेशी. जोरात मारणारे पुष्कळ पाहिले. सगळा मांडव मागत असताना, स्वतःचं नाव जात असताना, सुटलेला हात कानापाशी थांबवणारा एकच पाहिला.

निघताना त्याने बंदी घातली. स्टॅन आहे तोवर आणि मी आहे तोवर, कुणाजवळ बोलायचं नाही. गावाला माहीत होतं की, थोरल्याच्या डोक्यात ताप गेला.

"त्यालाही तेच माहीत आहे," तो म्हणाला. "अधूनमधून विचारतो, विल्या, मला काय झालं रे. मी सांगतो, ताप."

त्यानंतर विल्सन आणखी काही वर्षं खेळला. मावशीने कितीतरी जणांना झोपवलं. पण पेपराला एकदा मथळा आवडला की तो माणसाला चिकटतो. चौकात, लग्नात, चहाच्या गाडीवर त्याला विचारायचे, काय विल्सन, मावशी कुठे गेली? तो म्हणायचा, खडकीला गेली, सोयरीक जमवायला. आणि हसायचा. गेल्या वर्षी स्टॅनली गेला. आता हा.

सभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा मी हे सगळं सांगून टाकलं. स्टॅनलीसकट. बोलून झालं तसा देसले घसा खाकरून म्हणाला, "रणपिसे, तुमच्या भावना समजतात. पण याला पुरावा काय? निकाल तर निकाल आहे."

"देसले," मी म्हणालो, "तुम्हाला खेळातलं काही कळत नाही हे मी तुम्हाला पूर्वीच सांगायला हवं होतं. आता माझ्याकडे नीट बघा. मी एवढा वेळ उभा राहून बोललो. जीभ अडखळली का? हा पाण्याचा पेला मी माझ्या हाताने उचलतोय, उजव्या. घरी गेल्यावर नातवाला त्याच्या नावाने हाक मारणार आहे. निकाल हा आहे. छापायचा तर छापा."

मी पेला तोंडाला लावला.

अंगणातली शेवटची गोष्ट मात्र मी माईकवर सांगितली नाही, कारण ती सांगताना मला बोलता आलं नसतं. फाटकाशी पोचलो होतो, तेव्हा विल्सनने मागून हाक मारली.

"ए खडकी. थुंक."

मी वळलो. काल ऐकला तोच शब्द. तोंडात जीभ फिरवली. रात्रभराच्या सलाईनचं पाणी कुठून कुठून गोळा झालं आणि मी पेरूच्या बुंध्याशी चांगला पचकन थुंकलो.

विल्सन ओहोळने दोन्ही मुठी वर केल्या. फाटक्या बनियनवर, अनवाणी, तो त्या अंगणात गोल गोल नाचला, काल न नाचलेला जिंकल्याचा नाच, दोरीवरचा ओला झगा ओढून डोक्यावर गरागरा फिरवत. आणि खुर्चीत स्टॅनली एका हाताने वेत बडवत हसत राहिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.